आडवं आलेलं कुत्रं

आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात.
बेळगावात असंच.
‘आलो असतो, खरं जमलं नाही.’
त्यामुळं पिराजी हलगेकर गाडीखालून म्हणाला,
‘कुत्रं आडवं आलं म्हंतासा, खरं...’
आणि थांबला,
तेव्हा मला कळेना,
हा शंका काढूलालाय की साक्ष देऊलालाय.

उद्यमबागेत, लेथच्या दोन शेडांमधल्या बोळात
त्याचं गॅरेज. पाटी कन्नडात, खाली खडूनं मराठीत:
उधारी नाही, चहा आहे.
माझी अकरा वर्षांची वॅगनार
पुढचा डावा पाय काढून जॅकवर उभी.
चाक भिंतीला टेकवलेलं, रिमचा ओठ फाटलेला.

पहाटे लेकीला सांबऱ्याच्या विमानात बसवून परतत होतो.
काँग्रेस रोड रिकामा.
मग फूटपाथचा दगड.
आवाज नारळ फोडल्यागत, खरं आतून.
तिथून घरापर्यंत स्टिअरिंग उजवीकडं तिरकं धरून आणली,
मान आखडलेल्या माणसाशी बोलत चालावं तशी.
शैलानं दार उघडलं.
म्हणालो, कुत्रं.

पिराजीनं टायरॉडचा नट सोडवला,
नकलवर हातोड्याचा एकच घाव,
सांधा सुटून खाली लोंबला.
मग एन फिरवत काढला, आटे मोजत. सतरा.
‘सतरानं आला, नवा सतरानंच जायला पायजे.
खरं दांडाच वाकलाय,
आता सतराला कोण विचारतंय.’
लोअर आर्म फरशीवर ठेवला
तर डुगडुगत राहिला
हॉटेलातल्या लंगड्या टेबलासारखा.

‘ब्रेक मारला असता तर नाक खाली दबलं असतं, सर.
दगडाचा ओरखडा बंपरवर वरती आला असता.
ह्यो बगा, पार खाली.
टायरला घासल्याचा चट्टा न्हाई.
गाडी हळूच चढलीया, विचारून आल्यासारखी.
कुठल्या रंगाचं हुतं ओ कुत्रं?’

तांबडं, म्हणालो.
शैलाला काळं सांगितलं होतं.

नवा आर्म बसला, नवे बूश, नवा दांडा.
अलाइनमेंटचं मशीन पलीकडच्या रस्त्याला आहे, काँप्युटरवालं.
‘तिथं जावाच, खरं आधी मी लावून देतो.’
मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत
नायलॉनची दोरी ताणली,
आणि चाक उभं आहे का बघायला
खिशातून काढला ओळंबा.
बापाचा. बाप गवंडी.
अर्धं अनगोळ ह्याच्यावर उभं हाय, म्हणाला,
उरलेलं अर्धं कसंबसं.
पितळी गोळा टायरसमोर झुलत राहिला.
वारा नव्हता, तरी आम्ही तिघं श्वास जपून घेत होतो.

मल्लेशी स्टिअरिंगवर, पिराजी खालून ओरडतो,
‘बलक्क... बलक्क... स्वल्प एडक्क... साकु!’
हिशेब कन्नडात, शिवी मराठीत,
आणि नट आवळताना
दोन्हीत नसलेला एक हुंकार.

झोप नव्हती लागली, मी म्हणालो,
कुणी विचारलं नसताना.
डोळे उघडे होते. हात जागेवर होते.
मीच तेवढा गाडीत नव्हतो.

‘हुतंय,’ पिराजी म्हणाला,
आणि रॉकेलच्या फडक्यानं
एकेक बोट पुसत बसला.

ट्रायलला खानापूर रोडवर गेलो.
क्षणभर हात सोडले.
गाडी सरळ गेली,
जराशी, अगदी जराशी, डावीकडं.
‘ते गाडीचं न्हवं. रस्त्यालाच उतार असतोय,
पाणी जायाला.’

वाकलेला आर्म त्यानं कन्नड पेपरात गुंडाळून दिला.
भंगारात घाला न्हाईतर ठेवा, तुमचा हाय.
घरी शैलानं पेपर उलगडला,
काळं लोखंड दोन्ही हातांनी उचलून
खिडकीपाशी नेलं, उजेडात फिरवून पाहिलं.
‘एवढं? कुत्र्यानं?’

‘खरं...’ मी म्हणालो,
आणि ती लोखंड तसंच धरून
पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिली.